दिव्याखालचा अंधार

१ नोव्हेंबर २०२० च्या रात्री चांदर येथील रेल्वेमार्गावर हजारो गोमंतकीय जमले आणि पहाटेपर्यंत हलले नाहीत. मुरगाव बंदरात उतरणारा कोळसा सह्याद्री ओलांडून कर्नाटकातील पोलाद कारखान्यांकडे जातो. त्याचीच वाहतूक वाढावी म्हणून लोहमार्गाचे दुपदरीकरण चालले आहे, हा त्यांचा आक्षेप होता. त्याच सुमारास मोलेच्या अरण्यातून न्यावयाची चारशे किलोव्होल्टची वीजवाहिनी आणि महामार्गाचे रुंदीकरण हेही लोकक्षोभाचे विषय झाले होते. अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान मिळून सुमारे २४० चौरस किलोमीटरांचे हे वनक्षेत्र म्हणजे गोव्याच्या नद्यांचे माहेरच. ते वाचविण्यासाठी विद्यार्थी, शेतकरी, चित्रकार, वकील आणि शास्त्रज्ञ एकत्र आले. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वीजवाहिनीसाठी अरण्यात नवा पट्टा न पाडता जुन्याच वाहिनीच्या मार्गाचा उपयोग करण्यास सांगितले आणि पुढच्याच महिन्यात कॅसलरॉक ते कुळे या टप्प्यातील दुपदरीकरणाची वन्यजीवविषयक मंजुरी रद्द केली. लोकशक्तीचा हा विजय निःसंशय अभिमानास्पद आहे.

परंतु विजयाच्या आनंदात निकालाचा एक अर्थ नजरेआड होऊ नये. न्यायालयाने मार्ग बदलावयास सांगितले. वीज आणूच नका असे म्हटले नाही. म्हणणार तरी कसे? गोव्यात विजेची मोठी निर्मिती नाही. आपले पंखे, शीतकपाटे, हॉटेले आणि कारखाने यांसाठी लागणारी वीज मुख्यत्वे परराज्यांतून येते, आणि तिच्यामागे बव्हंशी कोळसाच जळत असतो. ज्या तम्नारचे नाव या प्रकल्पाला चिकटले आहे, ते छत्तीसगडमधील कोळशाच्या खाणींचे आणि औष्णिक केंद्रांचे ठिकाण. तेथेही अरण्य आहे, तेथेही नदी आहे, तेथेही आपल्यासारखीच माणसे राहतात. आपल्या दारातून जाणारा कोळसा आपण अडवावा आणि दुसऱ्याच्या दारात जळणाऱ्या कोळशावर आपले दिवे लावावेत, याला दिव्याखालचा अंधार म्हणतात. मोलेसाठी रात्र जागविणाऱ्यांनाच हा प्रश्न विचारावयाचा, कारण त्याचे उत्तर देण्याची नैतिक ताकद त्यांच्यापाशीच आहे.

निसर्गरक्षण हे सरकारी खाते स्थापन झाल्यावर सुरू झालेले काम आहे, असा समज आपल्या भूमीत तरी कोणी करून घेऊ नये. सत्तरीतील नानोडे-बांबर येथील निरंकाराची राय ही रानजायफळांची दुर्मीळ दलदल आजवर टिकली, ती गावाने तिला देवाची मानली म्हणून. भरतीचे खारे पाणी शेतात शिरू नये यासाठी आपल्या पूर्वजांनी खाजणांचे बांध घातले, मानशी बसविल्या आणि बांध फुटला की तो बांधावयास कोणी जायचे याचे नियम ठरविले. गावकरी या संस्थेचे सारे मर्म एका वाक्यात सांगावयाचे तर जे सर्वांचे, त्याची निगा सर्वांनी राखावयाची. हेच सूत्र विजेला का लागू होऊ नये?

सूर्य आपल्याकडे उदार आहे. तीन किलोवॉटच्या संचाला सावली न पडणारी सुमारे तीनशे चौरस फूट जागा लागते आणि स्वच्छ उन्हात तो दिवसाकाठी बारा युनिटांच्या आसपास वीज देतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या केंद्रीय योजनेत अशा घरगुती संचासाठी ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान ठेवण्यात आले. अडचणी नाहीत असे नाही. आपली घरे कौलारू, अंगणात माड आणि फणस, त्यात चार महिने मुसळधार पाऊस. सदनिकेत राहणाऱ्याला तर स्वतःचे छप्परच नसते. रात्रीच्या विजेसाठी वाहिनीवर विसंबणेही लगेच सुटणार नाही. पण म्हणूनच हे काम एकेकट्या घरावर सोडून चालणार नाही. पंचायतीची इमारत, शाळा, बाजार, सहकारी गृहसंस्थेची गच्ची आणि देवस्थानांच्या अग्रशाळा ही साऱ्या गावाची छपरे आहेत. आरंभ तेथून व्हावा. मात्र सूर्याच्या नावाखाली काजूची डोंगरवट किंवा खाजण सपाट करण्याचा मोह कोणी धरू नये. रोगापेक्षा औषध भयंकर ठरू नये, एवढे भान हवेच.

शासनाचे कर्तव्य याहून मोठे आहे. नव्या संचाची जोडणी विनाविलंब मिळावी, वाहिनीत सोडलेल्या विजेचा हिशेब ग्राहकाला समजेल असा असावा आणि शासकीय कचेऱ्यांची छपरे आधी झाकली जावीत. तथापि शासनाकडे बोट दाखवून आपण मोकळे होऊ शकत नाही. येत्या ग्रामसभेत प्रत्येक नागरिकाने दोनच प्रश्न विचारावेत: आपल्या गावाला वीज किती लागते आणि तिच्यापैकी किती आपल्या छपरांवर होऊ शकते? मोलेतील वृक्षांना न्यायालयाने अभय दिले. ते टिकवावयाचे असेल तर उद्याच्या नव्या वाहिनीची गरजच कमी केली पाहिजे. चांदरच्या फाटकावर एक रात्र जागविणे कठीण होते. घरातला अनावश्यक दिवा रोज मालवणे त्याहून कठीण आहे. गोमंतकीयांच्या निश्चयाची खरी कसोटी तेथेच लागणार आहे.