लाखांची क्रूझ की लोकलचं तिकीट?

‘गंगा विलास’ जहाजाचे व्हिडिओ तुमच्याही मोबाइलवर येऊन गेले असतील. १३ जानेवारी २०२३ ला ते वाराणसीहून निघालं आणि बांगलादेशातून फिरून आसामात दिब्रुगढला पोचलं. ५१ दिवसांची सहल, सुमारे ३,२०० किलोमीटर आणि सोय फक्त ३६ प्रवाशांची. तिकीट अर्थातच लाखांत. मेसचं बिल आठवतं आणि आपण व्हिडिओ पुढे सरकवतो.

जरा थांबा. याच नदीवर एक छोटं पॅकेजही चालतं. परदेशी पर्यटकांना आधी दिल्ली, आग्रा, जयपूर दाखवायचं, मग विमानाने कोलकात्याला आणायचं आणि तिथून आठवडाभर आलिशान बोटीतून हुगळी नदीने वर मुर्शिदाबादकडे न्यायचं. त्यातला नदीचा भाग नकाशावर नीट बघा. बोट ज्या गावांना थांबते, त्यातली बरीचशी गावं हावड्याहून सुटणाऱ्या लोकलच्या मार्गावर आहेत. आणि याच काठावर आपली, म्हणजे मराठी माणसांची, एक गोष्ट आहे. आपल्याला शाळेत शिकवली तशी मात्र ती नाही.

एक नदी, पाच कंपन्या

रेल्वे येण्याआधी नदी हाच हायवे होता. बंगालचं रेशीम, तलम कापड, सोरा सगळं होडीतून यायचं. म्हणून युरोपातल्या प्रत्येकाला इथे आपला घाट हवा होता. कोलकाता इंग्रजांचं. थोडं वर श्रीरामपूर, ते १७५५ ते १८४५ डेन्मार्कचं. मग चंदननगर, तिथे फ्रेंच थेट १९५० पर्यंत होते. त्याला लागून चुंचुडा, १८२५ पर्यंत डचांचं. पुढे बंडेलला पोर्तुगीजांचं चर्च. हे सगळं हावड्यापासून साधारण ४० किलोमीटरच्या आत. म्हणजे सकाळी निघून संध्याकाळपर्यंत तुम्ही चार ‘देश’ फिरून येता!

यातल्या श्रीरामपूरला घाईघाईत पुढे जाऊ नका. विल्यम केरी या मिशनऱ्याने १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं ते इथे. १८१० मध्ये त्याचा मराठी-इंग्रजी कोशही इथेच निघाला. वैजनाथ पंडित त्याच्या मदतीला होते. पुण्यात तेव्हा पेशवाई होती, आणि आपल्या भाषेची सुरुवातीची छापील पुस्तकं हुगळीच्या काठावर तयार होत होती.

‘बर्गी’ म्हणजे आपणच

आता दुसरी गोष्ट. बंगालीत लहान मुलांना झोपवण्याचं एक जुनं गाणं आहे. त्यात ‘बर्गी’ येतात. बंगाली मित्र असेल तर विचारा, त्याला ते पाठ असणार. बर्गी हा आपलाच शब्द. मराठी सैन्यात स्वतःचा घोडा घेऊन येणारा तो शिलेदार, आणि ज्याला घोडा सरकारातून मिळायचा तो बारगीर. त्या बारगीरचं बंगालीत झालं बर्गी. अर्थही बदलला: लुटायला येणारे.

१७४२ मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सरदार भास्करराम कोल्हटकर चौथाईच्या मागणीसाठी बंगालवर चालून गेले. त्यांचा तळ होता काटव्याला, याच नदीच्या काठी. तिथेच त्यांनी दुर्गापूजा मांडली होती आणि ऐन पूजेत नवाब अलीवर्दी खानाने छापा घातला. १७४४ मध्ये त्याच नवाबाने भास्कररामांना बोलणीसाठी बोलावून दगा करून मारलं. हा भाग आपल्याला माहीत असतो. स्वाऱ्या मात्र १७५१ पर्यंत चालू राहिल्या. शेवटी वर्षाला बारा लाख रुपये चौथाई कबूल झाल्यावर त्या थांबल्या. मधल्या काळात गावं जळली, लोक घरदार सोडून नदीपलीकडे पळाले. गंगाराम नावाच्या कवीने त्याच सुमारास हे बंगालीत लिहून ठेवलं. त्याच्या काव्याचं नावच ‘महाराष्ट्र पुराण’.

कोलकात्यातही त्या भीतीची खूण आहे. मराठे येतील म्हणून इंग्रजांनी आणि तिथल्या रहिवाशांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला. मराठे काही आले नाहीत आणि खंदकही अर्धाच राहिला. पुढे तो बुजवून रस्ता झाला. पण बागबाजारात ‘मराठा डिच लेन’ अजून आहे.

हे वाचून राग येईल, किंवा उगाच अपराधी वाटेल. दोन्हीची गरज नाही. तुम्ही तेव्हा नव्हता आणि गाणं म्हणणारी आजीही नव्हती. पण इतिहासाच्या नावावर रोज भांडणं बघणाऱ्या आपल्या पिढीने एकदा तरी अशा गावात जावं, जिथे आपला विजय समोरच्याच्या आठवणीत संकट म्हणून राहिलाय. ‘अटकेपार’ म्हणताना छाती फुगते ती फुगू दे. मात्र त्याच घोड्यांच्या टापा काटव्याच्या शेतकऱ्याला कशा ऐकू आल्या, हेही माहीत असू दे. एसी केबिनच्या काचेतून गावं बघून ते कळत नाही. त्यासाठी घाटावर उतरून चहा घ्यावा लागतो.

क्रूझचं एक मात्र मान्य करायला हवं. सलग नदीतून जाण्याची मजा लोकलला नाही. त्यावर उपाय म्हणजे फेरीबोट. जवळजवळ प्रत्येक गावात ती आहे, भाडं चहा-बिस्किटाएवढं, आणि सोबतीला सायकली, भाजीच्या टोपल्या, कॉलेजची पोरं.

कसं जाल?

● मुंबई, पुणे, नागपूरहून हावड्याला थेट गाड्या आहेत. सीझन नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

● पहिला दिवस: हावड्याहून फेरीने बागबाजार, मराठा डिच लेन.

● दुसरा दिवस: लोकलने श्रीरामपूर, चंदननगर, चुंचुडा, बंडेल.

● तिसरा दिवस: काटवा लाइनवर अंबिका काल्ना. दोन वर्तुळांत बांधलेली १०८ शिवमंदिरं बघायची आणि मुक्कामाला काटवा.

● चौथा दिवस: रेल्वेने अजीमगंज, फेरीने नदी ओलांडून मुर्शिदाबाद. हजारदुआरी राजवाडा झाला की पुन्हा फेरीने पलीकडे खुशबाग. अलीवर्दी खानाची कबर तिथे आहे.

काटव्यात कुणी विचारलंच, ‘कुठून आलात?’, तर ‘महाराष्ट्रातून’ असं सरळ सांगा. मग ते गाणं म्हणून दाखवायला सांगा. गप्पा तिथून सुरू होतील.