विषय क्रमांक ७

ग्रामपंचायतीच्या मासिक सभेची नोटीस बहुधा एका पानात मावते. वर तारीख, वार, वेळ, खाली विषयपत्रिका. पहिला विषय ठरलेला असतो, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. दुसराही ठरलेला, मागील महिन्याच्या जमाखर्चास मंजुरी. मग आलेली परिपत्रकं, आलेले अर्ज, करवसुलीचा आढावा आणि शेवटी ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’. समजा, अशाच एका नोटिशीत सातव्या क्रमांकावर लिहिलंय, ‘वॉर्ड क्रमांक २ मधील गटार बांधकामाबाबत विचार करणे.’ आळीत बारमाही सांडपाणी साचतं, डास माजलेत, आणि दर पावसाळ्यात तेच पाणी दोन घरांच्या ओसरीवर चढतं. गटार हवं याबद्दल गावात दुमत नाही. तरीही हा विषय सभेत येईपर्यंत आणि सभेतून बाहेर पडेपर्यंत त्याचं काय काय होतं, हे गावात राहणाऱ्यांनाही पुरतं ठाऊक नसतं.

या सभेचा कायदा महाराष्ट्र राज्यापेक्षाही जुना आहे. द्विभाषिक मुंबई राज्य असताना १९५८ मध्ये तो झाला आणि २०१२ पर्यंत ‘मुंबई ग्रामपंचायत अधिनियम’ याच नावाने चालला. लोकसंख्येप्रमाणे ७ ते १७ सदस्य, दरमहा सभा, सभेची नोटीस तीन दिवस आधी आणि निम्म्या सदस्यांचा कोरम. मतं समसमान पडली तर अध्यक्षाचं निर्णायक मत. सरपंचाने पुरेशा कारणाशिवाय सभा बोलावल्याच नाहीत तर त्याचं पद जाऊ शकतं. कागदावर रचना नेटकी आहे. राज्यातल्या सुमारे २८ हजार ग्रामपंचायतींत ती एकाच साच्याने चालते, निदान रजिस्टरात.

चहाच्या टपरीवर सरपंचाला सांगितलेली तक्रार पंचायतीच्या लेखी नसतेच. गटाराचा विषय पत्रिकेवर यायचा तर कुणीतरी अर्ज द्यावा लागतो, तो आवक नोंदवहीत चढावा लागतो, त्यावर नंबर पडावा लागतो. ही वही ज्याच्या हाती तो ग्रामसेवक. २०२४ पासून त्याचं पदनाम ‘ग्रामपंचायत अधिकारी’ झालंय, पण गाव अजून ‘भाऊसाहेब’च म्हणतं. नोटीस तोच काढतो, इतिवृत्त तोच लिहितो, १ ते ३३ नमुन्यांची रजिस्टरं तोच सांभाळतो. पुष्कळदा त्याच्याकडे एकाहून अधिक गावं असतात, त्यामुळे ‘भाऊसाहेब कुठल्या वारी येतात?’ हा ग्रामीण महाराष्ट्रातला खरा प्रशासकीय प्रश्न आहे. सरपंच पाच वर्षांचा, भाऊसाहेब बदलीपर्यंतचा. पण कुठला विषय कुठल्या शब्दांत मांडायचा, हे ठरवणारी लेखणी भाऊसाहेबांच्या हातात असते. ‘गटार बांधकामास मंजुरी देणे’ असं लिहिलं तर सभेला हो किंवा नाही म्हणावं लागतं. ‘विचार करणे’ असं लिहिलं की विचार करून मोकळं होता येतं.

सभेच्या आदल्या रात्री आणखी एक सभा होते. तिची नोटीस निघत नाही. पॅनेलचे सदस्य कुणाच्या तरी ओट्यावर किंवा मळ्यात बसतात. गटार मंजूर झालं तर पलीकडच्या वॉर्डाला काय द्यायचं, काम कुणी घ्यायचं, विरोधी पॅनेलच्या दोघांना कसं सांभाळायचं, हे तिथे ठरतं. म्हणून दुसऱ्या दिवशी हात वर करून मतदान क्वचितच होतं. प्रोसिडिंगमध्ये सूचकाचं नाव, अनुमोदकाचं नाव आणि ‘ठराव सर्वानुमते मंजूर’ एवढंच उरतं. अर्धा तास तावातावाने भांडलेला सदस्य त्या पानावर कुठेच दिसत नाही. आपला विरोध नोंदवा, असं त्याने आवर्जून सांगितलं तरच दिसतो.

शहरातून पाहणाऱ्याला हा सरळ कट वाटेल. मला तसं सरसकट म्हणवत नाही. ज्याच्याविरुद्ध हात वर करायचा तो सकाळी दूध डेअरीवर भेटणार आहे आणि पेरणीला त्याचाच ट्रॅक्टर लागणार आहे, हे माहीत असलेली माणसं आधी बोलून घेतात. खरी अडचण त्या ओट्यावर कोण बसलेलं नसतं ही आहे. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक संस्थांत निम्म्या जागा महिलांना आहेत. सभेत त्या असतात, सही करतात. रात्रीच्या बैठकीत त्यांच्या वतीने नवरा, दीर नाहीतर सासरा असतो. वस्तीवरच्या राखीव जागेच्या सदस्याला निरोप मिळतो तोही ‘उद्या या सहीला’ असा. मजुरी बुडवून येणाऱ्याला सभेच्या बैठक भत्त्यात ती भरूनही मिळत नाही.

सगळं आधीच ठरवून टाकण्याची ही सवय कुठवर जाते, ते २०२१ च्या जानेवारीत दिसलं. नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबारमधल्या खोंडामळी इथे पदांचा जाहीर लिलाव झाल्याचं समोर आलं आणि राज्य निवडणूक आयोगाने तिथल्या निवडणूक प्रक्रिया रद्द केल्या. बिनविरोधचं कौतुक आपल्याकडे फार आहे. बिनविरोध कसं झालं, हे कुणी विचारत नाही.

आता पैसा. गावाला कशाची गरज आहे यापेक्षा कुठल्या लेखाशीर्षात पैसे शिल्लक आहेत, यावर इथे बरंच काही ठरतं. पंधराव्या वित्त आयोगाचा २०२१ ते २६ या वर्षांचा निधी घ्या. राज्यात त्यातला ८० टक्के वाटा थेट ग्रामपंचायतींना आणि उरलेला पंचायत समिती व जिल्हा परिषदेला निम्मा-निम्मा, अशी विभागणी होती. गावाला मिळालेल्या पैशातला ६० टक्के बंधित. त्यातला अर्धा पिण्याच्या पाण्यासाठी आणि अर्धा स्वच्छतेसाठी, दुसरीकडे वापरायचाच नाही. उरलेला ४० टक्के अबंधित, पण त्यातून पगार करायचे नाहीत. सांडपाण्याची व्यवस्था स्वच्छतेत बसते. म्हणजे आपला विषय क्रमांक ७ नशीबवान. त्याच गावात स्मशानभूमीचा रस्ता वर्षानुवर्षं मागे राहतो आणि गटार मात्र होतं, त्याचं कारण पुष्कळदा इतकं कोरडं असतं. एक अट मात्र असते. ते काम ‘आमचं गाव, आमचा विकास’ या आराखड्यात आधीच आलेलं हवं. आराखडा ग्रामसभेत मंजूर होतो, संगणकावर चढतो आणि मग त्याच्याबाहेरचं काम काढणं कठीण जातं. ज्या दिवशी हा आराखडा ठरला त्या दिवशी आळीतलं कुणीच ग्रामसभेला गेलेलं नसेल, तर आज सदस्याच्या नावाने बोटं मोडून उपयोग नसतो.

आराखड्यात नसेल तर ग्रामनिधी, म्हणजे गावाचा स्वतःचा पैसा. घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर, आठवडे बाजाराच्या लिलावाचं उत्पन्न. त्यातून १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी बाजूला काढावे लागतात. मग शिपाई आणि पाणी सोडणाऱ्याचा पगार. मग वीजबिल. २०२१ मध्ये पथदिव्यांची आणि पाणी योजनांची बिलं वित्त आयोगाच्या पैशातून भरा, असं सरकारने सांगितलं तेव्हा सरपंच मंडळी उसळली ती उगीच नाही. कामं करायला आलेले पैसे मीटरमध्ये चालले होते. एवढं सगळं वजा जाता लहान गावाच्या हाती जे उरतं त्यात गटाराची दुरुस्ती होते, गटार होत नाही. पाणीपट्टी वाढवणं हा उपाय सगळ्यांना कळतो आणि कुणीही तो सुचवत नाही, कारण वाढवणाऱ्याला पुढच्या निवडणुकीत तीच वाढ ऐकवली जाते. गंमत अशी की पंचायतीचं मागणी बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत कर न भरणाऱ्या सदस्याचं सदस्यत्व जाऊ शकतं. म्हणून विरोधक सदस्याच्या घरपट्टीच्या पावतीवर डोळा ठेवून असतात.

सभेत प्रत्यक्ष काय बोललं जातं? ‘गटार कराच,’ यावर एकमत होतं आणि लगेच दुसरा आवाज येतो, ‘करा, पण तोंड आमच्या दारात काढू नका.’ गटार प्रत्येकाला हवं असतं आणि त्याचा शेवट कुणालाच नको असतो. उतार ओढ्याकडे असला तर वाटेत कुणाची तरी परसबाग येते. ओढ्यात सोडलं तर खालच्या वस्तीची विहीर. इथे सर्वानुमताचं गाडं अडतं आणि शाखा अभियंत्याला बोलावून पाहणी करावी, असा ठराव होऊन विषय पुढच्या महिन्यावर जातो. ही टाळाटाळही असू शकते. पण पाण्याचा उतार बहुमताने ठरत नाही, तेव्हा अभियंता येईपर्यंत थांबणं शहाणपणाचंही असतं.

कुणी जाणता सदस्य याच वेळी विचारतो, गटारच कशाला? नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीने रोजगार हमीतून घरोघरी शोषखड्डे केले, सांडपाणी जिथल्या तिथे जिरवलं आणि डासांचा बंदोबस्त केला. पुढे तो प्रयोग ‘नांदेड पॅटर्न’ म्हणून ओळखला गेला. शोषखड्ड्याला गटारापेक्षा खर्च कमी. पण त्याचं उद्घाटन करून फोटो काढता येत नाही, आणि ठेकेदारालाही त्यात फारसं काही नसतं. सिमेंटचं गटार का जिंकतं, हे मला तरी एवढ्यावरून कळतं.

मासिक सभेच्या वर ग्रामसभा असते. गावातला प्रत्येक मतदार तिचा सदस्य. वर्षातून किमान चार ग्रामसभा, आणि कोरम एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यात जे कमी असेल ते. पाचशे मतदारांच्या गावात ७५ माणसं लागतात. पाच हजारांच्या गावात शंभरात भागतं, म्हणजे गाव मोठं तितकी ग्रामसभा पातळ. तेवढीही जमली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही. फक्त नवा विषय घेता येत नाही. ही वाट ज्यांना माहीत आहे ते पहिल्या सभेला गर्दी जमवण्याची फारशी धडपड करत नाहीत. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. ती नीट झाली तर दुसऱ्या दिवशीचा नूर बदलतो, कारण पाण्याची वेळ, शाळेचं स्वच्छतागृह, दारूचं दुकान हे विषय मग कुणाच्या ‘परवानगीने’ येत नाहीत.

पैशावाचूनही ग्रामसभा गावाचा दिवस बदलू शकते. कोल्हापूरच्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने मे २०२२ मध्ये विधवांच्या बांगड्या फोडण्याच्या, कुंकू पुसण्याच्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांपुढे तो नमुना म्हणून ठेवला. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावात त्याच वर्षी संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजायला लागला. दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद, मुलांनी पुस्तकं उघडायची. हिवरे बाजारात पाऊस किती पडला आणि पाणी किती आहे याचा ताळेबंद दरवर्षी ग्रामसभेत मांडतात. आधी माणसांचं, मग जनावरांचं आणि उरलं त्यावर पीक ठरतं. गडचिरोलीतलं मेंढा-लेखा तर बहुमतच मानत नाही. सगळ्यांची सहमती होईपर्यंत चर्चा चालते, एकाचाही विरोध असला तर निर्णय थांबतो. तिथलं सर्वानुमत आणि आदल्या रात्रीच्या ओट्यावरचं सर्वानुमत रजिस्टरात एकाच शब्दात लिहिता येईल. पण पहिल्याला महिने लागतात.

आपल्या गटाराकडे परत. समजा, तिसऱ्या महिन्यात ठराव झाला. आता अंदाजपत्रक, मग तांत्रिक मान्यता, मग दरपत्रकं किंवा निविदा, मग कार्यारंभ आदेश. काम झालं की अभियंता मोजमाप पुस्तिकेत लांबी, रुंदी, जाडी भरतो, त्यावर बिल निघतं. वित्त आयोगाचे पैसे सरपंच आणि ग्रामसेवक या दोघांच्या डिजिटल सह्या झाल्याशिवाय सुटत नाहीत. आणि ती सहीची किल्ली पुष्कळदा दोघांपैकी कुणाच्याच खिशात नसते, संगणक चालवणाऱ्या मुलाच्या ड्रॉवरमध्ये असते. पंचायतीच्या कामात स्वतःचा आर्थिक हितसंबंध ठेवणारा सदस्य अपात्र ठरतो, म्हणून ठेका सदस्याच्या नावावर कधीच नसतो. मेव्हणा, भाचा, जुना वर्गमित्र असे गावात पुष्कळ असतात.

ठरावाची प्रत, अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तिका हे तिन्ही कागद माहिती अधिकारात कुणालाही मागता येतात. मागणारे बहुधा ठरावाचीच प्रत मागतात, कारण भांडण ठरावावरून झालेलं असतं. त्यात ‘मंजूर’ एवढंच असतं. गटाराची खोली किती धरली होती, किती भरली आणि उतार कुठल्या बाजूला दाखवला, हे पुस्तिकेत असतं. वॉर्ड क्रमांक २ मधल्या कुणी टेप घेऊन गटारात उतरायचं ठरवलंच, तर पाऊस सुरू होण्याआधी, आणि ठेकेदाराची अनामत रक्कम परत जाण्याआधी, हे काम उरकावं लागतं.