साग की ऐन?

महसुली कामात झाडांच्या नोंदी करण्यात आमची हयात गेली. तरी घराच्या तुळईसाठी सागाचे दाम मोजून आम्ही ऐन आणला! साल काढलेल्या लाकडाने आम्हांस चकविले. शेतकरी बंधूंनी यावरून सावध व्हावे.

पेठ-सुरगाण्याच्या रानात दोन्ही झाडे आढळतात. सागाची साल पातळ, करडी व उथळ उभ्या चिरांची असते. ऐनाची जाड, काळसर व मगरीच्या पाठीप्रमाणे चौकोनी भेगांची. साल नसल्यास लाकडाचे टोक धारदार सुरीने तासावे. सागाची वर्षवलये छिद्रांच्या ओळींनी स्पष्ट दिसतात, स्पर्श तेलकट लागतो व चामड्यासारखा वास येतो. ऐन अधिक जड, गर्द तपकिरी, काळसर रेघांचा असून त्यास तेलकटपणा नसतो.

म्हणून आधी तासावे, मग दाम द्यावे.