जाळीआडच्या व्हायोलिनवाल्या

आज जरा लांबच्या सुरांविषयी बोलूया.

इटलीतल्या व्हेनिस शहरात पिएता नावाचा अनाथाश्रम होता. टाकून दिलेली तान्ही बाळं तिथं वाढत. मुलगे मोठे झाले की धंदा शिकायला बाहेर पडत. मुली मात्र आतच राहत. त्यांच्यातल्या ज्यांच्या गळ्यात किंवा बोटांत सूर असे, त्यांना संगीत शिकवलं जाई. 1703 साली आन्तोनियो व्हिवाल्डी तिथं व्हायोलिनचा शिक्षक म्हणून लागला.

या मुलींसाठी त्यानं अनेक कॉन्चेर्टो लिहिले. कॉन्चेर्टो म्हणजे काय? सगळा ताफा मिळून मुखडा वाजवतो, मग एखादी वादक एकटी पुढे येते, भरधाव ताना घेते, या तारेवरून त्या तारेवर उड्या मारते, आणि पुन्हा सगळ्यांचा मुखडा येतो. ते ऐकायला परदेशातून लोक येत. पण मुली जाळीआड बसून वाजवत. सूर बाहेर येई, चेहरा नाही.

1711 साली व्हिवाल्डीच्या बारा कॉन्चेर्टोंचा संग्रह अ‍ॅमस्टरडॅमला छापला गेला. तो जर्मनीत योहान सेबास्टियन बाखच्या हाती पडला. त्यातले सहा कॉन्चेर्टो बाखनं दुसऱ्या वाद्यांसाठी नव्यानं बांधले. दहावा कॉन्चेर्टो चार व्हायोलिनांचा होता. तो 1730च्या सुमारास त्यानं चार हार्पसिकॉर्डसाठी केला.

हार्पसिकॉर्डला आपल्या पेटीसारख्या पट्ट्या असतात, पण आत तारा. पट्टी दाबली की बारीकशी नखी तार छेडते. आता अडचण बघा. व्हायोलिनचा गज चालतो तोवर सूर टिकतो, छेडलेल्या तारेचा सूर लगेच विरतो. पट्ट्याही व्हायोलिनइतक्या वर जात नसत. म्हणून बाखनं सगळी रचना एक स्वर खाली आणली. व्हायोलिनची एकेरी ओळ उजव्या हाताला दिली, तर डावा हात रिकामा राहतो. त्याला त्यानं नवं काम दिलं. त्यामुळे वीण दाट झाली, पण मुखडा ऐकला की मूळ रचना लगेच ओळखू येते. दुसऱ्या वाद्यासाठी रचना बांधायची तर त्या वाद्याला काय जमत नाही हे आधी नीट कळावं लागतं.

रचना कुणाची, बांधणी कुणाची, हे छापील कागदावर असतं. वाजवणाऱ्या हातांची नावं शोधावी लागतात. पिएतातल्या मुलींना आडनाव नसे, वाद्यावरून ओळख असे. त्यांतलीच एक आन्ना मारिया, ‘व्हायोलिनवाली’. व्हिवाल्डीनं तिच्यासाठी कॉन्चेर्टो लिहिले. पुढे तिनं तिथंच धाकट्या मुलींना शिकवलं. तिच्या नावाची सुरावटींची वही व्हेनिसला आजही जपलेली आहे.

मोबाइलवर आधी चार व्हायोलिनांचा कॉन्चेर्टो ऐका, मग चार हार्पसिकॉर्डचा. कोणता जास्त भावला, ते पुढच्या भेटीत सांगा.