टेम्पो घेण्यापूर्वी कोटेशन वाचायला शिकू या

भिवंडी म्हटले की पूर्वी यंत्रमागाचा खडखडाट आठवायचा. आता त्याच्या जोडीला गोदामे आली आहेत. नारपोली, अंजूरफाटा, काल्हेर, कशेळी, पूर्णा, राहनाळ, मानकोली या पट्ट्यात मोठ्या ट्रकांतून माल उतरतो आणि लहान गाड्यांत भरून मुंबई-ठाण्याकडे जातो. त्यामुळे गोदामात हमाली करणारा किंवा दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर असणारा आपला तरुण आज ना उद्या घरी विषय काढतोच, "स्वतःची गाडी घेऊ या."

२००५ साली टाटांची 'एस' ही लहान गाडी आली. लोकांनी तिला 'छोटा हत्ती' म्हटले. २०११ मध्ये अशोक लेलँडची 'दोस्त' आली. महिंद्राची बोलेरो पिकअप तर रस्तोरस्ती दिसते. या गाड्यांमुळे अनेक ड्रायव्हर मालक झाले, ही चांगलीच गोष्ट आहे. पण गाडीसाठी घरातून जो पैसा निघतो तो कोणता असतो? वडिलांचा फंड, आईचे डोरले, बचत गटाचे कर्ज. एवढा पैसा ज्या कागदाच्या भरवशावर आपण देतो त्याला कोटेशन म्हणतात, आणि नेमका तोच कागद घरात कोणी नीट वाचत नाही. सेल्समन शेवटच्या ओळीवर बोट ठेवतो, "एवढे डाउन पेमेंट आणि एवढा हप्ता," म्हणतो आणि आपण सही करतो. म्हणून हा कागद आज ओळीने वाचू या.

एका गाडीच्या चार किमती

पहिली किंमत म्हणजे कंपनी डीलरला ज्या भावाने गाडी देते ती. कंपनी डीलरच्या नावाने जे बिल फाडते, ते डीलर इन्व्हॉइस. ते गिऱ्हाइकाला दाखवायची पद्धत आपल्याकडे नाही. पण ही किंमत आणि विक्रीची किंमत यांच्या मधल्या जागेतूनच डीलरची सूट निघते, हे ध्यानात ठेवावे. शिवाय ठरलेल्या गाड्या विकल्या तर कंपनी डीलरला वेगळी रक्कम देते. म्हणून महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आणि वर्षाच्या अखेरीस सेल्समनचा सूर मवाळ होतो.

दुसरी किंमत एक्स-शोरूम. यात गाडीची मूळ किंमत आणि जीएसटी येतो. समजा, गाडी एक्स-शोरूम ८,००,००० रुपयांची आहे. मालवाहू गाडीवर १८ टक्के जीएसटी धरला तर त्यात गाडीचे ६,७७,९६६ रुपये आणि कराचे १,२२,०३४ रुपये होतात. २२ सप्टेंबर २०२५ पूर्वी हाच कर २८ टक्के होता. म्हणजे त्या वेळी हीच गाडी सुमारे ८,६७,८०० रुपयांना पडली असती. या ६७,८०० रुपयांच्या फरकाला कोणी "आमची सूट" म्हणत असेल, तर तो सरकारने कमी केलेला कर आहे, डीलरची सूट नव्हे. सूट विचारायची ती आजच्या किमतीवर.

तिसरी किंमत ऑन-रोड. गाडी नंबर लागून रस्त्यावर येईपर्यंतचा सगळा खर्च यात धरतात. हिचा हिशेब पुढे पाहू.

चौथी किंमत कर्जासकट शेवटचा हप्ता फिटेपर्यंत घरातून गेलेल्या एकूण पैशांची. आपली खरी किंमत हीच, आणि कोटेशनवर बहुधा हीच लिहिलेली नसते.

बिस्किटाच्या पुड्यावर किंमत, गाडीवर नाही

पाच रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्यावर किंमत छापावी लागते, आठ लाखांच्या गाडीवर मात्र ती छापलेली नसते. अमेरिकेतही एके काळी असाच कारभार होता. तेथे १९५८ साली ओक्लाहोमाचे सिनेटर माइक मनरोनी यांच्या पुढाकाराने कायदा झाला. नव्या मोटारीच्या काचेवर मूळ किंमत, जादा वस्तूंच्या किमती, वाहतूक खर्च आणि एकूण रक्कम लिहिलेला कागद चिकटवणे कारखानदाराला सक्तीचे झाले. लोक आजही त्या कागदाला मनरोनी यांच्याच नावाने ओळखतात. आपल्याकडे काचेवर असा कागद नाही, म्हणून तो आपणच मागून घ्यायचा. डीलरच्या लेटरहेडवर, तारीख आणि सही-शिक्क्यासह, प्रत्येक रक्कम वेगळ्या ओळीत असलेले कोटेशन म्हणजेच आपले स्टिकर.

ऑन-रोडमध्ये काय काय येते

रस्त्याचा कर: १ जुलै २०२५ पासून महाराष्ट्रात ७,५०० किलोपर्यंतच्या हलक्या मालवाहू गाड्यांना किमतीच्या ७ टक्के एकरकमी कर आहे. आठ लाखांवर तो ५६,००० रुपये होतो. हा कर सरकारचा, यात घासाघीस नाही.

नोंदणी: हलक्या मालवाहू गाडीची नोंदणी फी १,००० रुपये आणि कर्जाचा बोजा नोंदवण्याची १,५०० रुपये. 'आरटीओ खर्च' म्हणून एकच मोठा आकडा लिहिला असेल, तर कर वजा करून बाकी कशाचे, ते विचारावे आणि पावती मागावी. एप्रिल २०१९ पासून बनलेल्या गाड्यांची हाय सिक्युरिटी नंबर प्लेट गाडीबरोबरच मिळते, तिचे वेगळे पैसे देऊ नयेत.

विमा: याचे दोन भाग असतात. तृतीय पक्ष विम्याचा दर सरकार ठरवते. ७,५०० किलोपर्यंतच्या चारचाकी मालवाहू गाडीसाठी २०२२ च्या अधिसूचनेत तो वर्षाला १६,०४९ रुपये ठरला. त्यावर कर वेगळा. दुसरा भाग आपल्या गाडीच्या नुकसानीचा. त्याचा दर कंपनीगणिक बदलतो. येथेच डीलरला कमिशन असते. विमा डीलरकडूनच घ्या अशी सक्ती करता येत नाही. विमा नियामक संस्थेने २०१७ साली डीलरांसाठी काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत विमा कंपनी निवडण्याचे स्वातंत्र्य गिऱ्हाइकाला आहे. दोन कंपन्यांचे दर आणून समोर ठेवले तरी आकडा खाली येतो.

हँडलिंग चार्ज: याला लॉजिस्टिक किंवा डेपो चार्ज असेही म्हणतात. हा सरकारी खर्च नाही. "हा कोणत्या नियमाने लावला, ते लिहून द्या," एवढेच शांतपणे म्हणावे.

जादा वस्तू: सीट कव्हर, म्युझिक, वाढीव वॉरंटी या गोष्टी हव्या तर घ्याव्यात, त्या सक्तीच्या नाहीत. मात्र एक गोष्ट जरूर विचारावी. मागचा हौदा किमतीत धरला आहे की फक्त केबिन-चासीची किंमत लिहिली आहे? हौदा बाहेरून बांधायचा असेल तर तो मोठा वेगळा खर्च आहे.

गाडीची किंमत १० लाखांच्या वर गेली तर १ टक्का टीसीएस घेतला जातो. हा आपल्या नावावर जमा होणारा आयकर आहे. विवरणपत्र भरून तो वळता करता येतो किंवा परत मिळतो, म्हणून त्याची नोंद जपून ठेवावी.

सूट खरी कोणती?

समजा, पहिल्या शोरूमने ४०,००० रुपयांची सूट दिली. पण हँडलिंग ८,०००, सक्तीच्या जादा वस्तू १८,००० आणि बाहेरच्यापेक्षा १२,००० ने महाग विमा, असे ३८,००० रुपये परत घेतले. हाती उरले २,०००. दुसऱ्याने फक्त १५,००० ची सूट दिली आणि वरचे काहीच लावले नाही. तर दुसरा १३,००० रुपयांनी स्वस्त. पाटीवर मात्र पहिल्याची सूट मोठी दिसते!

म्हणून सूट किती, हे विचारण्यापेक्षा "गाडी नंबरासकट दारात येईपर्यंत एकूण किती?" हे विचारावे आणि दोन-तीन ठिकाणचे तेवढेच आकडे शेजारी मांडावेत. मिळालेली सूट टॅक्स इन्व्हॉइसवर लिहून घ्यावी. बिलात दाखवलेली सूट वजा होऊन मगच जीएसटी लागतो. तोंडी सूट आणि "फ्री" वस्तू यांना बिलात जागा नसते.

मोठी सूट मिळत असेल तर गाडी कधी बनली तेही पाहावे. फॉर्म २१ म्हणजे विक्रीचे प्रमाणपत्र. त्यात बनावटीचा महिना आणि वर्ष असते. मागील वर्षाची गाडी घेणे वाईट नाही, पण पुढे विकताना तिचे वर्ष मोजले जाते. तेव्हा तेवढी सूट मिळायलाच हवी.

खरी कात्री व्याजाची

आपली माणसे पाच हजारांच्या सुटीसाठी तासभर भांडतात आणि व्याजाच्या कागदावर मिनिटात सही करतात. ७ लाखांचे कर्ज, ४ वर्षे, "फक्त ८ टक्के फ्लॅट" असे सांगितले, तर व्याज होते २,२४,००० आणि हप्ता १९,२५०. फ्लॅट म्हणजे फेडलेल्या मुदलावरही शेवटपर्यंत व्याज. घटत्या शिलकीवर हिशेब केला तर हाच दर सुमारे १४.३ टक्के पडतो. उलट घटत्या शिलकीवरचे ११ टक्के ऐकायला महाग वाटतात, पण त्यात व्याज सुमारे १,६८,४०० आणि हप्ता १८,१०० च्या आत. आठ टक्के अकरापेक्षा पंचावन्न हजारांनी महाग पडतात ते असे!

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून बँक व फायनान्स कंपनीने अशा कर्जाला मुख्य बाबींचे पत्रक द्यावे लागते, तेही कर्जदाराला समजेल अशा भाषेत. त्यात सर्व खर्च धरून वर्षाचा खरा दर लिहिलेला असतो. मराठीत पत्रक मागा, आणि दोन ठिकाणचे तेच दर ताडून पाहा.

महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या बीज भांडवल योजनेत बँक ७५ टक्के, महामंडळ २० टक्के आणि अर्जदार ५ टक्के, अशी विभागणी असते. योजनेची प्रकल्पमर्यादा कार्यालयात विचारून मगच गाडी निवडावी. येथेही अर्जाला कोटेशन लागते. "जादा आकड्याचे कोटेशन देतो, वरचे पैसे हातात घे," असे कोणी सुचवले तर साफ नकार द्यावा. कागद खोटा ठरतो, आणि वरचे पैसे सव्याज फेडायचे आपल्यालाच असतात.

सही करण्यापूर्वी

कोटेशन घरी आणा. घरात कॉलेजला जाणारी मुलगी किंवा मुलगा असेल तर त्यांना बेरीज करायला बसवा. घराच्या बाईलाही आकडे कळू द्या, कारण भाडे न मिळालेल्या महिन्यात हप्त्याची ओढाताण तिलाच सोसावी लागते. बुकिंगचे पैसे डीलरच्या खात्यात भरा, सेल्समनच्या हातात नको. कर्ज नामंजूर झाल्यास बुकिंग परत मिळेल, हे पावतीवर लिहून घ्या. कोऱ्या कागदावर सही करू नका.

फसवणूक झालीच तर ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. "गाडी धंद्याची, तुम्ही ग्राहक नाही," असे कोणी म्हटले तर घाबरू नका. केवळ स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वयंरोजगार म्हणून घेतलेल्या वस्तूचा मालक २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहकच आहे. ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात त्याला दाद मागता येते. मात्र दाद मागायला कागद लागतात. म्हणून कोटेशन, इन्व्हॉइस, विम्याची पॉलिसी आणि कर्जाचे पत्रक एका पिशवीत घालून शेवटचा हप्ता फिटेपर्यंत जपून ठेवा.