विश्लेषण : वर्गातील गटचर्चेमुळे विद्यार्थी खरेच अधिक शिकतात? ती कुठे फसते?

एसटी बस आणि रिक्षाची समोरासमोर धडक झाली. कोणी कोणावर जास्त बल लावले? बसने रिक्षावर, रिक्षाने बसवर, की दोन्ही बले सारखीच? न्यूटनचा तिसरा नियम तोंडपाठ असलेले अनेक विद्यार्थीही ‘बसने’ असे उत्तर देऊन मोकळे होतात. बरोबर उत्तर आहे, ‘दोन्ही बले सारखीच’. रिक्षाचे वस्तुमान कमी असल्याने तेवढ्याच बलाने तिचा वेग कितीतरी अधिक बदलतो, म्हणून नुकसान तिचे जास्त होते.

नियम पाठ असणे आणि तो समजणे यातील हे अंतर कमी करण्याचा एक मार्ग म्हणून वर्गातील गटचर्चेकडे पाहिले जाते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही पाठांतराऐवजी चर्चेवर आधारित शिक्षणाचा आग्रह आहे. मात्र बाक फिरवून पाच-सहा जणांचे गट केले की चर्चा होतेच असे नाही. संशोधन याबाबत काय सांगते?

या पद्धतीची सुरुवात कशी झाली?

शिक्षणातील चर्चेची परंपरा जुनी आहे. विज्ञानाच्या मोठ्या वर्गात तिचा पद्धतशीर वापर ठळकपणे पुढे आला तो १९९० च्या दशकात. हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर १९८४ पासून शिकवत होते. विद्यार्थ्यांचे गुण चांगले होते, त्यांचे अभिप्रायही उत्तम होते. पुढे अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठातील डेव्हिड हेस्टेनेस आणि सहकाऱ्यांचे संशोधन त्यांच्या वाचनात आले. बलाविषयीच्या साध्या, बिनआकडेमोडीच्या प्रश्नांत भौतिकशास्त्र शिकलेले विद्यार्थीही चुकतात, असा त्याचा निष्कर्ष होता.

मझूर यांनी तीच चाचणी आपल्या वर्गात घेतली. तेव्हा एका विद्यार्थिनीने त्यांना विचारले, की उत्तरे तुम्ही शिकवल्याप्रमाणे लिहू की मला वाटते त्याप्रमाणे? किचकट गणिते सोडवणारे विद्यार्थी या साध्या प्रश्नांत अडखळले. मग १९९१ पासून मझूर यांनी व्याख्यानाची रचनाच बदलली. या पद्धतीला ‘पीअर इन्स्ट्रक्शन’ म्हणजे सहाध्यायींकडून शिकणे असे नाव मिळाले.

ही पद्धत नेमकी कशी चालते?

शिक्षक दहा-पंधरा मिनिटे एखादी संकल्पना समजावतात आणि मग त्यावर पर्यायी उत्तरांचा एक प्रश्न विचारतात. प्रत्येक विद्यार्थी कोणाशीही न बोलता विचार करतो आणि आपले उत्तर नोंदवतो. साधारण ३० ते ७० टक्के उत्तरे बरोबर असतील तर दोन ते चार मिनिटांची चर्चा होते. वेगळे उत्तर असलेला शेजारी गाठायचा आणि आपले उत्तर बरोबर का, हे त्याला पटवून द्यायचे. त्यानंतर सर्व जण पुन्हा उत्तर देतात आणि शेवटी शिक्षक स्पष्टीकरण देतात.

टक्केवारीच्या या अटीमागे साधे गणित आहे. बहुतेकांना उत्तर येत असेल तर चर्चेत वेळ वाया जातो. फारच थोड्यांना येत असेल तर पाया कच्चा आहे, म्हणून पुन्हा शिकवणे भाग असते. दोन्हींच्या मधल्या टप्प्यात चर्चा सर्वाधिक रंगते.

परिणाम काय दिसला?

मझूर आणि कॅथरिन क्राउच यांनी २००१ मध्ये दहा वर्षांच्या अनुभवाचा आढावा प्रसिद्ध केला. पद्धत बदलल्याच्या पहिल्याच वर्षी संकल्पनांच्या चाचणीतील विद्यार्थ्यांची प्रगती आदल्या वर्षीच्या तुलनेत साधारण दुप्पट झाली. पारंपरिक गणिते सोडवण्याची क्षमताही घटली नाही, उलट सुधारली.

विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या पदवी वर्गांवरील २२५ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. निव्वळ व्याख्यानाच्या वर्गांत नापास होण्याचे सरासरी प्रमाण ३३.८ टक्के होते, तर विद्यार्थ्यांचा सक्रिय सहभाग असलेल्या वर्गांत ते २१.८ टक्के होते. या सक्रिय पद्धतींमध्ये गटचर्चा ही त्यातील एक आहे, त्यामुळे हा सगळा फरक केवळ चर्चेचा मानता येणार नाही.

हुशार मुलांची उत्तरे बाकीचे उचलतात का?

ही शंका रास्त आहे. कोलोरॅडो विद्यापीठातील संशोधकांनी जनुकशास्त्राच्या वर्गात ती तपासून पाहिली. चर्चेनंतर त्यांनी त्याच संकल्पनेवरचा, पण वेगळा दिसणारा दुसरा प्रश्न विचारला. त्याचे उत्तर प्रत्येकाने एकट्याने द्यायचे होते. २००९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार, दुसऱ्या प्रश्नातही विद्यार्थ्यांची कामगिरी सुधारलेली होती. इतकेच नव्हे, तर ज्या गटांत सुरुवातीला कोणालाच बरोबर उत्तर माहीत नसावे, अशा गटांतही सुधारणा दिसली. कारणे मांडताना आपल्या विचारातील खोट आपल्यालाच सापडते, असा याचा एक अर्थ.

याच गटाच्या २०११ मधील अभ्यासात आणखी एक बाब दिसली. नुसती चर्चा किंवा शिक्षकांचे नुसते स्पष्टीकरण यापेक्षा चर्चा आणि त्यानंतर स्पष्टीकरण, हा क्रम अधिक परिणामकारक ठरला. चर्चेमुळे शिक्षकांची गरज संपत नाही, ती कोणत्या क्षणी आहे हे स्पष्ट होते.

मुंबईत असा प्रयोग झाला आहे का?

आयआयटी मुंबईतील संशोधकांनी संगणक प्रोग्रॅमिंगच्या प्राथमिक अभ्यासक्रमाच्या मोठ्या वर्गात याच जातीची दुसरी पद्धत वापरली. आधी एकट्याने विचार, मग शेजाऱ्याशी चर्चा आणि शेवटी संपूर्ण वर्गात मांडणी, अशी तिची त्रिसूत्री. दहा आठवडे आणि १३ उपक्रमांच्या निरीक्षणातून सरासरी ८३ टक्के विद्यार्थी पूर्णपणे किंवा बहुतांश वेळ कामात गुंतलेले आढळले. हा अभ्यास २०१३ मध्ये सादर झाला. गुंतून राहणे म्हणजे शिकणे नव्हे. तरीही मोठ्या वर्गात चर्चा घेतली तर नुसता गोंधळच होणार, हा समज त्यातून खोडला जातो.

मग गटचर्चा फसते कुठे?

पहिली चूक म्हणजे एकट्याने विचार करण्याचा टप्पा गाळणे. प्रश्न थेट गटाला दिला की जो आधी बोलतो त्याचेच उत्तर गटाचे होते. मागे बसलेल्या मुलीचे स्वतःचे उत्तर काय होते हे कोणालाच कळत नाही, कधी कधी तिलाही नाही.

दुसरी चूक गटाच्या आकाराची. फ्रेंच कृषी अभियंता मॅक्स रिंगेलमन यांनी दोर ओढण्याचे प्रयोग केले होते. माणसे वाढली की प्रत्येकाचा सरासरी जोर कमी होतो, असे त्यांना आढळले. सात-आठ जणांच्या गटात एक जण लिहितो, दोघे बोलतात आणि बाकीचे बघत बसतात, हा अनुभव शिक्षकांना नवा नाही. दोन ते चार जणांचा गट म्हणूनच सोयीचा.

तिसरी चूक प्रश्नाच्या निवडीची. ‘न्यूटनचा तिसरा नियम काय आहे’ यावर चर्चा होऊच शकत नाही, कारण ते उत्तर पुस्तकात आहे. बस आणि रिक्षाच्या प्रश्नावर मात्र मतभेद होतात आणि ते कारणे देऊनच सोडवावे लागतात.

न बोलणाऱ्या मुलांचे काय?

अमेरिकेतील टेक्सास राज्यात ऑस्टिन शहरातील शाळांत कृष्णवर्णीय, गोरी आणि मेक्सिकन वंशाची मुले एकत्र आल्यानंतर वर्गात तणाव निर्माण झाला होता. मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरनसन यांनी १९७१ मध्ये तेथे ‘जिगसॉ’ पद्धत आणली. धड्याचे तुकडे करून गटातील प्रत्येकाला एकच तुकडा दिला जातो. तो नीट समजून घेऊन इतरांना शिकवणे ही त्याची जबाबदारी. बुजऱ्या मुलाचे ऐकल्याशिवाय धडा पूर्ण होत नसल्याने त्याला बाजूला सारणे गटाला परवडत नाही. जात, भाषा किंवा गुणांवरून कोणाचे ऐकायचे हे वर्गात आधीच ठरलेले असते, तिथेही ही रचना उपयोगी पडू शकते.

विद्यार्थ्यांना हे आवडते का?

नेहमीच नाही. हार्वर्डमधील भौतिकशास्त्राच्या वर्गांवर आधारित २०१९ च्या एका अभ्यासात विद्यार्थी सक्रिय वर्गात अधिक शिकले, पण आपण कमी शिकलो असे त्यांना वाटले. ओघवते व्याख्यान ऐकताना सगळे समजल्यासारखे वाटते. चर्चेत डोक्याला ताण पडतो आणि तो अपयशासारखा भासतो. त्यामुळे ही पद्धत का वापरत आहोत, हे विद्यार्थ्यांना आणि पालकांना पहिल्याच दिवशी सांगणे आवश्यक ठरते.

साधनांचा खर्च किती?

जवळपास शून्य. मतदानाची इलेक्ट्रॉनिक उपकरणे आणि रंगीत कार्डे यांची तुलना कॅनडातील एका महाविद्यालयात झाली. तिथे शिकण्यात लक्षणीय फरक दिसला नाही. कार्डेही नसतील तर डोळे मिटून छातीजवळ बोटे दाखवली तरी चालते. म्हणजे कोणाचे पाहून कोणी उत्तर बदलत नाही.

खरी अडचण वेळेची आणि परीक्षेची आहे. एका तासिकेत अशा दोन-तीन प्रश्नांनाच वाव मिळतो आणि अभ्यासक्रम पूर्ण करण्याचे दडपण शिक्षकांवर असते. त्यात प्रश्नपत्रिकेत ‘नियम लिहा’ एवढेच विचारले जाणार असेल, तर पाठांतर करणारा विद्यार्थी पूर्ण गुण मिळवतो आणि बस-रिक्षाच्या प्रश्नात तो चुकतो हे कधी उघडच होत नाही. वर्गात चर्चा रुजवायची असेल, तर तिच्यातून जे समजले ते तपासणारा एखादा तरी प्रश्न परीक्षेत असावा लागेल.