हलकी होत गेलेली पाटी

आयपॅडचा आकार पहिल्याच दिवशी ठरला होता. २७ जानेवारी २०१० रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या येर्बा ब्युएना सेंटरमध्ये स्टीव्ह जॉब्जनी तो लोकांपुढे आणला, व्यासपीठावरच्या चामडी खुर्चीत रेलून बसले आणि बातम्या वाचू लागले, फोटो चाळू लागले. पुढे काच, मागे ॲल्युमिनियम, खाली एक गोल बटण. नंतरच्या पंधरा वर्षांत काच वाढली, कडा बारीक झाल्या, हळूहळू सगळ्या मॉडेलांवरून बटणही गेलं. पण हातात धरायची वस्तू तीच राहिली. या वस्तूवर माणसाला काय काय करू द्यायचं, हा प्रश्न मात्र तिच्या कर्त्यांना दरवर्षी नव्याने पडत गेला, आणि त्याची उत्तरं त्यांनी फार सावकाश दिली.

पहिल्या आयपॅडचं वजन ६८० ग्रॅम, जाडी १३.४ मिलिमीटर, पडदा ९.७ इंची. ॲपलची ए४ चिप, २५६ एमबी रॅम, कॅमेरा नाही, आणि बाहेरचं ॲप एका वेळी एकच चालणार. बॅटरी दहा तासांची. किंमत ४९९ डॉलरपासून पुढे. पुष्कळ जाणकारांनी ‘मोठा केलेला आयपॉड टच’ म्हणत नाक मुरडलं. ३ एप्रिलला अमेरिकेत विक्री सुरू झाली. पहिल्या दिवशी तीन लाख आयपॅड खपले आणि २८ दिवसांत दहा लाख. टीका खोटी नव्हती, पण अपुरी होती. तो मोठा आयपॉडच होता, आणि त्या मोठेपणानेच सगळा फरक पडला. वर्तमानपत्राचं पान, स्वरलिपीचा कागद, क्ष-किरणाचा फोटो या गोष्टी त्या आकारात डोळे न ताणता दिसू लागल्या.

अशा यंत्राचं स्वप्न मात्र जुनं होतं. झेरॉक्सच्या पालो ऑल्टो संशोधन केंद्रात ॲलन के यांनी १९७२ साली ‘डायनाबुक’ नावाच्या संगणकाचं वर्णन लिहिलं होतं. वहीएवढा, सोबत नेता येणारा, सगळ्या वयांच्या मुलांसाठी. पुढे १९९३ मध्ये ॲपलनेच न्यूटन मेसेजपॅड आणला. पेनाने लिहिलेलं त्याला नीट वाचता येत नाही अशी त्याची बदनामी झाली. नंतरच्या मॉडेलांत वाचन बरंच सुधारलं, तरी डाग गेला नाही. १९९८ मध्ये जॉब्जनी तो बंद केला. मायक्रोसॉफ्टने २००२ मध्ये विंडोजची टॅबलेट आवृत्ती काढली, पण तिच्यातले मेनू माऊससाठी आखलेले होते आणि त्या बारीक अक्षरांवर पेनाचं टोक नेमकं टेकवत बसावं लागे.

कोंडी फुटली ती बोटांमुळे. डेलावेअर विद्यापीठातल्या वेन वेस्टरमन आणि जॉन एलियस यांनी फिंगरवर्क्स नावाची छोटी कंपनी काढली होती. टायपिंगने वेस्टरमन यांचे हात दुखत, म्हणून त्यांनी जोर न लावता चालणारा, अनेक बोटांचा स्पर्श एकाच वेळी ओळखणारा पृष्ठभाग घडवला. २००५ मध्ये ॲपलने ही कंपनी विकत घेतली. टॅबलेटचं काम फोनच्या आधी सुरू झालं होतं, असं जॉब्जनी २०१० मध्ये एका जाहीर मुलाखतीत सांगितलं. काचेवर बोटाने ढकललेली यादी वेगाने धावते आणि हळूहळू थांबते, हे पाहिल्यावर त्यांनी टॅबलेट बाजूला ठेवला आणि आधी फोन करायला घेतला. दुखऱ्या हातांसाठी केलेल्या कामातून हे सगळं उभं राहिलं, याचं मोल मला फार वाटतं.

पण डायनाबुकवर मूल स्वतः प्रोग्रॅम लिहिणार होतं. के यांच्या कल्पनेचा गाभाच तो होता. आयपॅडवर त्याला जागा नव्हती. एमआयटीच्या ‘स्क्रॅच’ भाषेत मुलांनी बनवलेले खेळ आणि गोष्टी दाखवणारं एक ॲप २०१० च्या एप्रिलमध्येच ॲपलने आपल्या ॲप स्टोअरमधून काढून टाकलं. बाहेरून आणलेला कोड चालवणारी ॲप नियमात बसत नव्हती. नियमामागे सुरक्षिततेचं कारण होतं आणि ते खरंही होतं. विषाणूंची धास्ती न बाळगता कोणाच्याही हाती द्यावं असं हे यंत्र त्यामुळेच झालं. पण त्या एका कुंपणाने आयपॅडची पुढची दहा वर्षं ठरवली. त्यावर पाहणं, वाचणं, ऐकणं आधी आलं. करणं मागून आलं.

भारतात तो अधिकृतपणे आला जानेवारी २०११ मध्ये, २७,९०० रुपयांपासून. तोवर तो अमेरिकेतून येणाऱ्या नातेवाइकांच्या बॅगांमधून इथे पोचलेलाच होता. दोनच महिन्यांनी आयपॅड २ आला, जाडी एकदम ८.८ मिलिमीटरवर आणि आता पुढे-मागे कॅमेरे. परदेशातल्या नातवंडांशी बोलण्यासाठी आजीआजोबांच्या हातात जो टॅबलेट गेला, तो या मॉडेलापासून. ॲपलने ते तीन वर्षं विकलं आणि २०१५ पर्यंत त्याला सॉफ्टवेअरच्या नव्या मुख्य आवृत्त्या दिल्या.

मार्च २०१२ मधला तिसरा आयपॅड मात्र या घराण्यातला सर्वांत बोधप्रद आहे. त्याचा पडदा तेवढ्याच मापाचा, पण ठिपके चौपट, सुमारे आठ लाखांवरून ३१ लाखांवर. अक्षरं छापल्यासारखी दिसू लागली. त्याची किंमत सगळ्या यंत्राने मोजली. ठिपके दाट झाले की मागचा उजेड पडद्यातून कमी पार होतो, म्हणून दिवे वाढवावे लागले. दिव्यांसाठी बॅटरी २५ वॉट-तासांवरून ४२.५ वर न्यावी लागली; बॅटरीपायी वजन आणि जाडी वाढली; आणि जुन्याच चार्जरवर ती भरायला ताटकळावं लागू लागलं. इतके ठिपके हलवण्यात चिपचाही दम निघत होता. सात महिन्यांत ॲपलने तो मागे घेतला आणि दुप्पट वेगाच्या चिपचा, नव्या लायटनिंग जोडणीचा चौथा आयपॅड आणला. दर वर्षी यंत्र फक्त पातळच होत जातं असं मानणाऱ्यांनी हे मॉडेल एकदा हातात धरून पाहावं.

चौथ्या आयपॅडच्याच दिवशी, २३ ऑक्टोबर २०१२ रोजी, ७.९ इंची आयपॅड मिनीही आला. सात इंची टॅबलेट वापरायला बोटं सँडपेपरने घासून बारीक करावी लागतील, असं जॉब्ज दोन वर्षांपूर्वी म्हणाले होते. पण एडी क्यू या अधिकाऱ्याच्या जानेवारी २०११ मधल्या ईमेलमध्ये जॉब्ज लहान टॅबलेटला अनुकूल होत चालल्याची नोंद होती. सॅमसंगशी झालेल्या खटल्यात ती उघड झाली. मिनीचं वजन ३०८ ग्रॅम होतं. पुढल्या वर्षीच्या आयपॅड एअरने मोठ्या भावालाही ४६९ ग्रॅमवर आणलं.

विक्रीचं शिखर २०१३ च्या आर्थिक वर्षातलं, सुमारे ७ कोटी १० लाख. २०१८ पर्यंत ती ४ कोटी ३५ लाखांवर आली. लोक कंटाळले असा अर्थ तेव्हा अनेकांनी काढला. मला कारण साधं वाटतं. वाचायला आणि पाहायला घेतलेलं यंत्र पाच-सहा वर्षं तेच काम करत राहिलं, तर नवं कोण घेईल? त्यातच फोनचे पडदे मोठे झाले.

याच काळात लॉस एंजेलिसच्या शाळांनी सहा लाखांहून अधिक विद्यार्थ्यांना आयपॅड द्यायची, शंभर कोटी डॉलरच्या घरातली योजना आखली. २०१३ च्या शरदात यंत्रं वाटली गेली आणि काही आठवड्यांत मुलांनी त्यांवरचे निर्बंध काढून टाकले. अभ्यासक्रमाचं सॉफ्टवेअर अपुरं होतं. पुढच्या वर्षी योजना थांबली, नंतर ॲपलने काही रक्कम परतही केली. त्याच २०१३ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी नकाशे आणि नियमपुस्तकांची सुमारे १६ किलोंची बॅग खाली ठेवली आणि आयपॅड घेतला. वाचलेल्या वजनातून वर्षाला चार लाख गॅलन इंधन वाचेल असा कंपनीचा हिशेब होता. वैमानिकाला काय हवं ते आधी ठाऊक होतं. शाळांना यंत्र आधी मिळालं, काम मागून शोधायचं होतं.

आणि एका माणसाने कोणाची वाट न पाहता काम सुरूही केलं होतं. इंग्रज चित्रकार डेव्हिड हॉकनी २००९ पासून आयफोनवर आणि २०१० पासून आयपॅडवर ‘ब्रशेस’ नावाच्या ॲपमध्ये चित्रं काढत होते. रंग कालवायचे नाहीत, वाळायची वाट पाहायची नाही, आणि पडदा स्वतःच उजेड देतो म्हणून पहाट होण्याआधी पलंगावर बसून पहाटेचंच चित्र काढता येतं. २०११ मध्ये यॉर्कशरच्या वोल्डगेट रस्त्यावर वसंत कसा उतरतो ते त्यांनी दिवसागणिक टिपलं. त्यातली ५१ आयपॅड-चित्रं कागदावर मोठी छापून जानेवारी २०१२ मध्ये लंडनच्या रॉयल अकॅडमीत लागली. वेस्टमिन्स्टर ॲबीत २०१८ साली बसवलेल्या रंगीत काचेच्या खिडकीचा आराखडाही त्यांनी आयपॅडवरच काढला. हे यंत्र फक्त बघ्यांसाठी आहे, या म्हणण्याला त्यांच्या त्या झाडांइतकं सणसणीत उत्तर दुसऱ्या कोणी दिलं नाही.

ॲपलने ते उत्तर ऐकायला २०१५ उजाडलं. १२.९ इंची आयपॅड प्रो आला, त्याच्यासोबत पेन्सिल. २००७ मध्ये आयफोन दाखवताना पेनाची खिल्ली जॉब्जनीच उडवली होती. पण ते बोटाऐवजी सक्तीने वापराव्या लागणाऱ्या पेनाबद्दल होतं, रेषा काढण्याबद्दल नव्हतं. पेन्सिलचं टोक टेकलं की पडदा सेकंदाला २४० वेळा तिचा ठाव घेतो, ती किती कलली आहे तेही पाहतो; दाब पेन्सिल स्वतः मोजते. हात पुढे आणि रेषा मागे हे अंतर २०१९ पर्यंत २० मिलिसेकंदांवरून ९ वर आलं, आणि तिथे मन त्या अंतराची दखल घेणं जवळजवळ सोडतं. पहिली पेन्सिल आयपॅडच्या चार्जिंगच्या भोकात खुपसून भरावी लागे, आणि तशी बाहेर लोंबणारी काडी मोडेल अशी धास्ती वाटे. २०१८ च्या प्रोमध्ये ती चुंबकाने कडेला चिकटू लागली, तिथेच भरू लागली. गोल बटण गेलं, लायटनिंगच्या जागी यूएसबी-सी आली आणि जाडी ५.९ मिलिमीटर झाली.

इथून पुढे यंत्र फार पुढे गेलं आणि सॉफ्टवेअर मागे रेंगाळलं. फाइली ठेवायचं ॲप २०१७ मध्ये आलं. आयपॅडच्या सॉफ्टवेअरला आयपॅडओएस हे वेगळं नाव २०१९ मध्ये मिळालं, ट्रॅकपॅडची खरी सोय २०२० मध्ये. २०२१ च्या प्रोमध्ये मॅकचीच एम१ चिप बसली, तरी त्यावर चालणारी ॲप तीच राहिली. कॅल्क्युलेटर तर २०२४ मध्ये आला, पहिल्या आयपॅडनंतर चौदा वर्षांनी! त्याच वर्षीच्या १३ इंची प्रोमध्ये उजेड वाढवण्यासाठी ओलेडचे दोन थर एकावर एक बसवले होते, आणि तरी जाडी ५.१ मिलिमीटर, वजन ५७९ ग्रॅम, म्हणजे पहिल्या ९.७ इंची आयपॅडपेक्षा शंभर ग्रॅम कमी. तो दाखवायच्या जाहिरातीत पियानो, रंग, पुस्तकं, कॅमेरे प्रेसखाली चिरडले होते. कलावंत संतापले आणि ॲपलने माफी मागितली. ज्या लोकांनी या यंत्राला प्रतिष्ठा दिली त्यांचीच हत्यारं चिरडून दाखवणं क्रूर होतं, आणि माफी योग्यच होती.

विकत घेणाऱ्याला मी साधाच आयपॅड सुचवेन. त्यात काच आणि पडदा वेगवेगळे असतात, म्हणून काच तडकली तर पूर्ण पडदा बदलावा लागत नाही. २०१४ च्या एअर २ पासून वरच्या मॉडेलांत दोन्ही एकत्र चिकटवलेले आहेत; दिसायला सुंदर, दुरुस्तीला महाग. चित्रकाराने मात्र प्रो घ्यावा.

सप्टेंबर २०२५ मध्ये आयपॅडओएस २६ आली आणि तिच्यासोबत हव्या त्या मापाच्या, एकमेकींवर ठेवता येणाऱ्या खिडक्या, वर मेनूची पट्टी, बंद करायचं लाल बटण. लोक हे कित्येक वर्षं मागत होते. स्विफ्ट प्लेग्राउंड्स या ॲपलच्याच ॲपमधून २०२१ पासून छोटी ॲप आयपॅडवरच लिहून थेट ॲप स्टोअरकडे पाठवता येतात. पण मोठी ॲप ज्यात घडतात ते एक्सकोड आजही फक्त मॅकवर चालतं, म्हणजे आयपॅडचं बहुतेक सॉफ्टवेअर आयपॅडवर लिहिता येत नाही. चिपचं कारण आता सांगता येणार नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये एम५ चिपचा आयपॅड प्रो आणि त्याच चिपचा मॅकबुक प्रो एकाच दिवशी जाहीर झाले.